पाण्यात सहज विरणारं

३ ऑगस्ट
टाकोराडीहून निघालेली गाडी वाटेत दोनदा बंद पडली, तरी जेवणवेळेला मी एसाकुरोममध्ये हजर! खोली झकास आहे. खिडकीतून खाजण दिसतं, बगळे दिसतात. घरमालकीण आंटी मानसा. मी पिशवी खाली ठेवायच्या आत त्यांनी टेप काढून माझी मापंच घेतली. त्यांचे यजमान मार्चमध्ये गेले. मिशनच्या इस्पितळातल्या शवागारात ठेवलेत. परदेशातले मुलगे सप्टेंबरअखेर आले की अंत्यविधी, म्हणून सगळ्या घरासाठी एकाच ठाणातलं काळं-लाल कापड शिवायला टाकलंय. मी म्हटलं, मी आजची पाहुणी, मला कशाला? तर म्हणाल्या, माझ्या छपराखाली झोपणार ना तू? मग रडायचंही माझ्याच कापडात.
रात्री केंकी म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उंडे, मिरचीचा ठेचा आणि तळलेला मासा. बोटं चाटून खाल्लं.

७ ऑगस्ट
नव्या नोकरीत, प्रयोगशाळेत, पहिलं काम मिळालं. एका कंपनीने प्रेतं टिकवायचं नवं औषध काढलंय. मिशनच्या शवागारात ते वर्षभर वापरतायत. मोरीचं पाणी मागच्या डबक्यात जातं, तिथून खाजणात. हे औषध पाण्यात सहज विरतं की तसंच साचून राहतं, एवढं आम्ही सांगायचं.
रीत जुनीच. बाटलीत स्वच्छ पाणी, त्यात थोडं औषध, आणि थेंबभर जिवंत गाळ. बूच लावून अंधारात ठेवायची. गाळातल्या जंतूंनी औषध खाल्लं तर ते श्वास घेतात, बाटलीतली हवा कमी होते. दुसऱ्या बाटलीत नुसता गाळ, उपाशी. ताडून बघायला.
गाळ मात्र अनोळखी हवा, ते औषध कधी न चाखलेला. पण शहराचं मैलापाणी केंद्र बंद आहे. आमचे प्रमुख डॉक्टर आकोन म्हणाले, शवागारामागच्या डबक्यातला घे. मी म्हटलं, सर, ते जंतू वर्षभर हेच खातायत, ही परीक्षा कसली? ते हसले. म्हणाले, अराबा, तू नोकरीला आलीस की न्यायाधीश म्हणून?

८ ऑगस्ट
डबक्यावर साय होती. राखाडी, जाड, सुरकुतलेली. पळी घातली तर फाटली नाही, ताणली गेली. खालून केस आले, कापसाचे बोळे आले. वास कुजका असता तर सोसला असता; हा गोड होता, पिकल्या पपईसारखा. शवागार सांभाळणारा न्यामेके दारात कोलाचं कडू बी चघळत उभा होता. विचारत होता, सिस्टर, सूप करणार का?
मी झुडपामागे जाऊन ओकले.

१५ ऑगस्ट
असं कधी पाहिलं नव्हतं. आठवड्यात बाटल्यांमधली हवा संपली. काचेला आतून चरबीसारखे गोळे चिकटलेत. एक बूच काढलं तर बाटलीने हवा आत ओढली, घोट घेतल्यासारखी. घशाचा आवाज. हात तीनदा धुतले, तरी पपईचा वास जाईना.
डॉक्टर खुशीत आहेत. म्हणाले, याहून सहज काय विरायचं!

२६ ऑगस्ट
आंटींसोबत शवागारात गेले. यजमानांच्या अंगाला शेवटचा पोशाख लावून बघायचा होता.
चेहरा छान होता. झोपलेला माणूस. आंटी त्याला रागवल्या, दाढी का नाही केलीस म्हणून. मग न्यामेकेने उचलायला खांद्याखाली हात घातला आणि तो हात आत गेला. कोपरापर्यंत. आत काही नव्हतंच, नुसती राखाडी साय. ती चादरीवरून, मेजाच्या पायावरून खाली मोरीपर्यंत गेली होती. नाही — मोरीतून वर आली होती.
 आंटींनी उघड्या हातांनी ती साय त्याच्या छातीवरून निपटायला सुरुवात केली. म्हणत राहिल्या, मुलगे येतायत रे, एवढं थांबायचं होतंस.

२७ ऑगस्ट
डॉक्टरांना म्हटलं, औषध सहज विरतं हा कंपनीला द्यायचा दाखला थांबवा. औषध खाणारे जंतू औषधाच्या मागे प्रेतात शिरलेत. दाखला कालच गेला म्हणाले. आपल्याला पाण्याचं विचारलं होतं, मढ्यांचं नाही.

३० ऑगस्ट
न्यामेके भेटला. उजवा हात फडक्यात गुंडाळलेला, फडकं ओलं. प्यायलेला होता. त्याच्याच तोंडून निघालं — औषधाच्या बाटल्या तो बाजारातल्या मासेवाल्यांना विकतो. हसत म्हणाला, मेलेला माणूस सहा महिने टिकतो, तर मासा आठ दिवस का टिकू नये? सगळं गाव खातं सिस्टर, तूही खातेस.
मी रोज खाल्लाय. रोज.

१ सप्टेंबर
घशात बोटं घालून ओकले. आता काय उपयोग! औषध अंगात मुरलंय. माझ्या, आंटींच्या, सगळ्यांच्या.
दात घासताना हिरडी ब्रशला चिकटून आली. दुखलं नाही. दुखत नाही हेच —

३ सप्टेंबर
नळाला तोच वास. पाणी पीत नाही. नारळपाण्यावर आहे.
आंटींच्या बोटांची कातडी हातमोज्यासारखी सैल झालीय. त्या ती पदराआड लपवतात. मला सूप वाढतात. मी ओतून देते, त्या बघतात.
गाव सोडा म्हटलं. म्हणाल्या, त्यांना पुरल्याशिवाय कुठे जाऊ?

४ सप्टेंबर
पिशवी भरली. सकाळची गाडी. न्हाणीतली मोरी फडक्याने बुजवलीय, वर दगड.

५ सप्टेंबर
गाडी फाटकाशी उभी आहे, भोंगा वाजवतेय. आंटींनी शिवून आलेलं काळं-लाल कापड उशाला ठेवलंय. माझ्या मापाचं.
त्या न्हाणीतून हाका मारतायत. अराबा, माझे बाय, पाय सुटत नाहीये गं. मोरीने —
दगड बाजूला झालाय. घोट घेतल्याचा आवाज येतोय. मोठे घोट.
गाडी गेली. जाऊ दे. मी त्यांना ओढून काढते. दंडाला धरायचं, बोटांना नको, बोटं हातात ये