उपाशी वाफा

आये, तुला अक्षर वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, त्यामुळे हे लिहिताना मला कुणाची भीड नाही. एकच गोष्ट विचारायची आहे. ती विचारायला इतकी वर्षं गेली, कारण तिचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. ज्या साली साहेबलोकांनी ओहोळाकाठच्या आपल्या शेतात दोन वाफे आखले, त्या साली दुसऱ्या वाफ्यात राख कुणी टाकली? तू, की बानं?

लगेच रागावू नकोस. माझा स्वभाव तुला माहीत आहे. देवानं तुला डोळे दिलेत ते फटीतून बघायला, असं तूच म्हणायचीस. तेव्हा मी कर्जतच्या शाळेत मास्तर होतो, लग्नाला दोनेक वर्षं झालेली, आठवड्यातून एकदा घरी येत होतो. त्या उन्हाळ्यात कर्जत स्टेशनावर आगगाडीतून साहेब उतरले, पुण्यामुंबईचे विद्वान उतरले, आणि कचेरीसमोर मांडव पडला. आसपासच्या गावांचे पाटील आणि शेतकरी बोलावले होते. सभा कशाची, तर पावसाची. पाऊस कमी होत चाललाय, ओहोळ लवकर आटतायत, मग एकदमच पूर येतो, आणि ह्या सगळ्याचं कारण तुम्ही लोक. तुम्ही राबासाठी झाडं ओरबाडता, डोंगर बोडके करता, आणि बोडक्या डोंगरावर ढग थांबत नाही. एका किडकिडीत साहेबानं पितळी नरसाळ्याखाली काचेची नळी धरून पाऊस कसा मोजायचा ते दाखवलं. आमच्या मागची माणसं हसत होती. मागल्याच श्रावणात आपला बांध पाण्यानं नेला होता, आणि हे म्हणे पाऊस कमी होतोय. मला काही हसू आलं नाही. हे पावसाचं बोलतायत आणि ह्यांचा डोळा रानावर आहे, हे मी तिथंच ओळखलं. निदान मला तसं वाटलं, आणि अजूनही वाटतं.

राब म्हणजे काय हे तुला मी काय सांगणार, पण पुण्यात मला ते दर वेळी समजावून सांगावं लागतं. शिमगा झाला की रोपाच्या वाफ्यावर शेण पसरायचं, ऐनाच्या झाडाचा पानांसकट टहाळ तोडून घालायचा, गवत घालायचं, वर माती दाबून भाजायचं आणि पाऊस लागला की त्या भाजल्या जमिनीत भात पेरायचं. रोप हातभर झालं की उपटून लावणी. राब नाही तर रोप पिवळं, हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगेल. मांडवातही तेच सांगितलं गेलं. तेव्हा एक साहेब म्हणाला की मग करून बघू. एकाच शेतात दोन वाफे, एकात राब, दुसरा कोरा, त्यात मूठभर शेणसुद्धा नाही. बियाणं एकच. कोऱ्या वाफ्याचं रोप खुरटलं तर टहाळ तोडायला मोकळीक राहील. दोन्ही सारखी आली तर राबाची गरज नाही असं ठरेल आणि रान बंद होईल. शेत कोण देतो असं विचारल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. बानं हात वर केला.

का केला, ते मला तेव्हाही कळलं नाही. गावाला मात्र त्याचा अभिमान वाटला. परतताना कशेळ्याच्या बाजारात लोक त्याला तंबाखू देत होते, जणू पैजेची कुस्ती त्यानंच घेतली होती. मी तुला हे सगळं सांगतोय तेव्हा तू चुलीपुढं बसली आहेस, भाकरी थापता थापता ऐकते आहेस. मी मोठ्या ऐटीत परीक्षा म्हणजे काय ते समजावतोय. तू परातीतला हात थांबवलास आणि माझ्याकडं असं बघितलंस की मास्तरकीची माझी सगळी ऐट उतरली.

“एकाला जेवू घालायचं नि दुसऱ्याला म्होरं बसवून उपाशी ठेवायचं, ही कसली रं विद्या?” तू म्हणालीस.

मी म्हटलं, आये, ते शेत आहे, माणूस नाही. तू म्हणालीस, असं असतं तर आमी त्याला नैवेद्य कशाला दावतो. भाकरी मात्र त्या दिवशी करपली.

आषाढात ती मंडळी परत आली. छत्र्या घेऊन, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर उभी राहिली. सगळं गाव मागं उभं, पाऊस टपटपतोय, आणि पुढं दोन वाफे. दोन्ही हिरवेगार. एका साहेबानं खाली बसून काडीनं रोपं मोजली, तर कोरा वाफा राबाच्या वाफ्याला तसूभरही हार जात नव्हता. साहेबाचा चेहरा फुलला. मी बाच्याकडं बघितलं, तर तो पायांकडं बघत होता. तू खळ्यात तोंडाला पदर लावून उभी होतीस. मला वाटलं, रडते आहे. आता वाटतं, तू खूश होतीस. पाहुण्यांसमोर आपल्या शेतात काही पिवळं दिसलं नाही, ह्याचंच तुला समाधान होतं.

त्याच हिवाळ्यात रान राखीव झालं. पुढच्या शिमग्याला टहाळाला गेलेल्यांच्या कोयत्या रखवालदारानं काढून घेतल्या. गावाला दुसरा पुरावा नको होता. कोऱ्या वाफ्यात बानं काहीतरी घातलं, तो साहेबांना फितूर झाला, हे घरोघर बोललं जाऊ लागलं. त्यात भर म्हणजे तो रखवालदार आपल्या ओटीवर येऊन पाणी पिऊन जायचा आणि आपली गाडी त्यानं कधी अडवली नाही. मीही ते बघत होतो. गावापेक्षा मला जास्त वाईट वाटत होतं, कारण गावाला शंका होती आणि मला खात्री होती. लावणीला सावडीनं, कामाच्या बदली कामाला, यायचे ते शेजारी यायचे बंद झाले. सगळी खाचरं आपण चौघांनी लावली, तू, बा, माझी बायको आणि सुट्टी काढून मी. तुझ्या पायांना चिखल्या पडल्या, चालवत नव्हतं, तरी तू म्हणायचीस की लोकांची नजर वाईट, आपलं भात त्यांच्या डोळ्यात खुपतं. तिसऱ्या पावसाळ्यात तापानं तू गेलीस. तिरडीला खांदा द्यायला माणसं आली, पण तेराव्याला पानावर कुणी बसलं नाही. वाढलेली पानं मी गुरांपुढं टाकली. त्या दिवसापासून मी बाशी कामापुरतं बोलतो.

नंतर मी मास्तरकी सोडून पुण्याला विद्वानांच्या एका सभेत कारकून झालो. खुर्च्या मांडायच्या, पाण्याचे तांबे ठेवायचे, कोण काय बोललं ते लिहून घ्यायचं. दुष्काळ पडून गेल्यापासून तिथं दुसरा विषय नाही. पाऊस का गेला, वारे कुठून येतात, तलाव कुठं बांधावेत. मी सगळं लिहून घेतो आणि प्रत्येक वाक्यागणिक मनात विचारतो, ह्यात तुमचं काय, बाबा? गेल्या महिन्यात एक म्हातारा साहेब निबंध वाचायला उभा राहिला. म्हणाला, कर्जतच्या डोंगरपायथ्याला एका कुणब्याच्या शेतात आम्ही प्रयोग केला होता. राबाची मुळीच गरज नाही हे तिथं सिद्ध झालं, म्हणजे झाडं तोडणं ही निव्वळ खोड आहे आणि अवर्षण हे तिचं फळ आहे. आणि मग म्हणाला की तो कुणबी अत्यंत प्रामाणिक होता, दिलेल्या सूचनेबाहेर त्यानं मूठभर मातीही हलवली नाही. टाळ्या पडल्या. मी ‘प्रामाणिक’ लिहिलं आणि खोडलं. ज्या माणसाला गावात फितूर म्हणतात, त्याला इथं प्रामाणिक म्हणत होते, आणि दोन्हींचा आधार एकच होता, तो वाफा.

मी रजा काढून बायकोबरोबर घाट उतरलो. गाडीत तिला सगळं सांगितलं, तर ती सहज म्हणाली, त्या ज्येष्ठात घरात भांडी घासायला राख नव्हती, आम्ही मातीनं घासत होतो. मी विचारलं, राख कुणी नेली? ती म्हणाली, सासूला कोण विचारणार, आणि सासऱ्याला तर त्याहून नाही.

घरी पोचलो तर बा ओटीवर सुंभ वळत बसला होता. फार थकलाय गं तो. मी आडपडदा न ठेवता विचारलं.

“तुज्या आयेनं टाकली,” तो म्हणाला. “राख नि शेळीच्या लेंड्या. मी बगितलं.”

मी म्हटलं, मग तेव्हा बोलला का नाहीस.

“बोललो अस्तो तर बायांनी तिला पाणवठ्यावर उभी केली नस्ती. तिला सुदिक मी सांगितलं नाय. आपल्या हातनं काय झालं ते तिला कदी कळलंच नाय. रोज त्याच चुलीम्होरं बसायची ती.” आणि सुंभ मांडीवर ठेवून म्हणाला, “गावात बोलू नको. लोकांच्या तोंडी ती चांगली हाय, ऱ्हाऊ दे.”

हे ऐकून माझे डोळे भरले, हे खरं. पण रात्र सरायच्या आत तो जुना किडा वळवळलाच. मेलेलं माणूस नाही म्हणायला येत नाही. बानं वीस वर्षं तोंड उघडलं नाही आणि आता मरायच्या वाटेवर तुझं नाव घेतलं, तेही पोटच्या पोरापुढं. राख घरात नव्हती एवढं बायको सांगते, ती कुणाच्या टोपलीतून गेली ते सांगत नाही. बा तुझ्यासाठी बदनाम झाला असेल, किंवा तुझ्या नावामागं लपत असेल. दोन्हीतलं कुठलं खरं ते सांगणारं कुणी उरलेलं नाही. आणि तो गेला की त्याच्याही तेराव्याला मी पानं गुरांपुढं टाकायची का, हा प्रश्न मला झोपू देईना.

म्हणून आज सकाळी पाटलाच्या ओटीवर जाऊन आलो. तुझं नाव सांगितलं. म्हातारीला रोपाची दया आली, तिला काही कळत नव्हतं, बाचा ह्यात हात नाही, असं सांगितलं. पाटलानं चंची सोडून सुपारी कातरली. मग म्हणाला, तुझ्या आयेनं आमच्या पोरांना कधी उपाशी परत धाडलं नव्हतं, तिनं हे केलं असेल. संध्याकाळी त्याचा गडी बाला बोलवायला आला. वीस वर्षांत पहिल्यांदा. बाला वाटलं, जमिनीचं काही काम असेल. त्यानं पागोटं दोनदा सोडून बांधलं आणि काठी टेकत गेला. अजून आलेला नाही, आणि मी दिव्यापाशी हे लिहितोय. हे कुठं धाडायचं आहे असं नाही.

एवढंच तुला सांगायचं राहिलं. निघताना पाटलानं मला विचारलं, “तुला खात्री हाय ना रं?” मी हो म्हणालो. मला खात्री नाही, आये.