निळ्या कोरोलाची चार चाके

मी, ऑब्री विलेम डाम्पीस, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त टर्नर, राहणार कारीगा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांची तक्रार माझ्या गुडघ्यांबद्दल आहे, डोक्याबद्दल नाही. यापूर्वी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर, बँकेतील शिल्लक आणि अंगणातले लिंबाचे झाड पत्नी म्युरिएल हिचे. शेजारच्या बोइसेन बाईंनी लिंबे मागितली तर जरूर द्यावीत. कुंपणावरून काठी घातली तर देऊ नयेत.

२. हत्यारांची पेटीही म्युरिएलचीच. कारण कलम ४ मध्ये येईल.

३. निळी कोरोला मुलगी शेरिलीन हिला.

४. त्या गाडीची चार अलॉय चाके मात्र म्युरिएलचा धाकटा भाऊ नेव्हिल गॅलांट याला. हे मुद्दाम केले आहे.

शेरिलीनच्या लग्नासाठी गाडी नटवावी म्हणून मी ही चाके बाहेरून आणली होती. मधले भोक आसाच्या टोकावरच्या हबला फारच घट्ट. लग्नाच्या सकाळी तीन कशीबशी बसली, चौथे अडले.

"हब गंजलाय, आधी घासू," मी म्हणालो.

"भावजी, नट आवळा, झक मारत आत जाईल!" असे म्हणून नेव्हिलने पान्यावर पाय दिला. नट ज्यावर आवळतात तो स्टडच तुटला.

मी सगळ्या पाहुण्यांसमोर ओरडलो, "कळत नाही तर मध्ये कशाला कडमडतोस?"

तो पाना टाकून निघून गेला. म्युरिएलने नव्या झग्यावर गोणपाट बांधले, तारेच्या ब्रशने हब घासला, ग्रीसचे बोट फिरवले आणि चाकावर थाप मारली. बसले! त्या चाकाच्या उरलेल्या तीन नटांवर आम्ही इतके हळू गेलो की पायी निघालेले लोक आमच्या आधी चर्चला पोचले.

नेव्हिल लग्नाला आलाच नाही. मी पुढे त्याच्या दारी जाऊन माफी मागितली, आमचे जमले. शेरिलीनने मात्र त्याला एवढेच विचारले, "मामा, भांडण पप्पांशी होतं ना? मग मला का सोडून गेलास?" त्यानंतर मामा-भाचीत पंधरा वर्षे अबोला. म्हणून अट अशी, की लग्नानंतर काढून ठेवलेली ही चाके नेव्हिलने शेरिलीनच्याच गाडीवर, तिच्या मदतीने बसवावीत.

५. शेरिलीनने हा मसुदा गेल्या रविवारी वाचला. मग फोन उचलला. "मामा, पप्पा जाईपर्यंत थांबायचं का? शनिवारी ये. जुने कपडे घालून ये."

आज तो आला. दोघांनी चारही हब लखलखीत घासले, चाके हातानेच बसवली आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळले. मध्येच ती काहीतरी म्हणाली, तो डोळे पुसू लागला आणि ग्रीस गालभर झाले. मी लांबच बसलो होतो, ऐकू आले नाही.

सबब कलम ४ मी खोडत आहे. चाके गाडीसोबतच राहावीत. या मृत्युपत्राने नेव्हिलला आता काहीही मिळत नाही, हे त्याला वाचून दाखवले. "चालेल, भावजी," म्हणाला, आणि तिसऱ्यांदा मटण वाढून घेतले. ज्याला काही मिळत नाही, तो साक्षीदार म्हणून सही करायला मोकळा असतो.

सही: ऑ. वि. डाम्पीस
साक्षीदार: १. नेव्हिल गॅलांट (कागदावरचा डाग ग्रीसचा आहे) २. रेजिनाल्ड वितबोय, शेजारी
कारीगा, शनिवार, ९ मार्च २०२४