उरलेलं अर्धं गाव

अप्पा,

ती आज आमच्या वर्गात येऊन गेली. तुमची ती. सगळं गाव तिला मेंढरंवाल्यांची पोर म्हणायचं, तुम्ही मात्र ‘आमची पोर’ म्हणायचात. आता ती साथीचे रोग शोधणाऱ्या सरकारी पथकात मोठ्या हुद्द्यावर आहे, दाराशी गाडी उभी असते. आरोग्यसेविकांच्या नव्या तुकडीने पहिल्याच आठवड्यात अशा बाईंना ऐकावं, असं आमच्या प्राचार्यांनी ठरवलं. मी मान डोलावली आणि घरी येऊन भांडी आपटली. पंचावन्नला टेकले मी, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी तिचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखतं. तुमच्यापासून काय लपवायचं? ती तुमच्या शेजारी उभी असायची तेव्हाही दुखायचं, आणि ते तुम्हाला दिसत होतं.

गावात तुम्हाला कुणी नावाने हाक मारलीच नाही. ‘मलेरियावाले आले’ म्हणायचे. मंद्रूपच्या पलीकडचं आपलं उपकेंद्र, तुमची सायकल, कॅरियरला ब्लिचिंग पावडरची पिशवी. घरोघर जायचं, ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घ्यायचा, आणि निघताना दाराशेजारी भिंतीवर गेरूने तारीख लिहायची. मला त्या पावडरीच्या वासाने मळमळायचं. ‘चल माझ्याबरोबर,’ असं तुम्ही एकदाच म्हणालात, मी नाक मुरडलं, आणि तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. ती मात्र मेंढरं भावाच्या हवाली करून तुमच्या सायकलीमागे पळायची. एक दिवस मी शाळेतून येते, तर ती आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसून अव्वाच्या हातची कडक भाकरी नि शेंगाचटणी खातेय आणि तुम्ही तिच्यापुढे काचेची नळी धरलीय. नळीत विहिरीचं पाणी. त्यात औषधाचे थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं, तर पावडर पुरेशी पडलीय, पाणी प्यायला चालेल. ‘टाक, तूच टाक,’ असं तुम्ही तिला म्हणताय. पाणी पिवळं झालं आणि तुम्ही हसलात. आपल्या घरात तुम्ही किती वेळा हसलात, ते तिथं वर तुमच्या बायकोला, अव्वालाच विचारा.

मग गावातलं ते लग्न झालं, सगळ्या गावाला बुंदीचं जेवण. मी सोलापूरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, सुट्टीला आलेली, सायन्सवाली म्हणून कानात वारं शिरलेलं. लग्नानंतर तीन दिवसांत गावात हगवण-उलट्या सुरू झाल्या. कुणी म्हणे बुंदी बाधली, कुणी म्हणे देवीचं करायचं राहून गेलं. तुम्ही आम्हा दोघींना एकेक कागद दिलात. वरची आळी माझी, खालची तिची. घरात कोण आजारी, काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायले, सगळं लिहून आणा म्हणालात. मी जीव तोडून हिंडले. ज्या घरात अंथरूण पडलेलं दिसलं त्या घरात शिरले, आणि जिथे सगळे धडधाकट होते तिथे न थांबता पुढे गेले. चांगल्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून आजाराचं नाव काढू नये, हे अव्वाने शिकवलेलं. बायका तोंडावर दार लावतात, म्हणतात आम्हाला दृष्ट लावायला आली. माझ्या कागदावरच्या झाडून सगळ्यांनी बुंदी खाल्ली होती. मी धावत आले आणि सांगितलं, अप्पा, बुंदीच. हलवायाचं नावसुद्धा लिहून आणलं होतं.

ती माझ्यानंतर तासाभराने आली. कागद दोन्ही बाजूंनी भरलेला. एका म्हातारीने तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता, कारण ती धडधाकट घरातही शिरली होती आणि तुमच्यात कुणी आजारी का न्हाय, असं सरळ विचारत सुटली होती. मेंढरं घेऊन गावोगाव उतरत शेवटी आपल्या गावात राहिलेल्यांची ती, दारात शिव्या खायची तिला लहानपणापासून सवय. ती म्हणाली, ‘अप्पा, ज्यास्नी काय झालं न्हाय त्यांनी बी बुंदी खाल्ली की. पर ते हापशाचं पाणी पित्यात. नळाचं न्हाय.’

तुम्ही माझा कागद पुन्हा एकदा वाचलात आणि माझ्या हातात परत दिलात. ‘तू नुसतं आजारी गाव आणलंस. उरलेलं अर्धं गाव कुठाय?’ एवढंच. ओरडला असतात तर बरं झालं असतं. मग आपण तिघं नळाच्या पाइपाच्या कडेकडेने चालत गेलो. मोरीच्या गटाराखाली जोड तुटलेला होता, नळाला पाणी सोडणं थांबलं की गटारातलं पाणी आत ओढलं जात होतं. तुम्ही जोड दुरुस्त होईपर्यंत नळ बंद ठेवायला लावलात, टाकी धुवून घेतलीत, पावडर टाकलीत, घराघरात मीठ-साखरेचं पाणी करून दाखवलंत, आणि साथ ओसरली. माझ्या बुंदीच्या भरवशावर राहिले असते तर लोक हलवायाला शिव्या देत तेच पाणी पीत बसले असते. हे मला त्याच दिवशी कळलं होतं, अप्पा. पण मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला वाईट वाटलं ते तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून ‘लई शाणी पोर हाय’ म्हणालात त्याचं. आणि दुसऱ्या दिवशी तुमचं ते लिहायचं पॅड, चिमट्याचं, कोपऱ्यात तुमच्या नावाची अक्षरं कोरलेलं, ते तिला देऊन टाकलंत. पुढे शिकायला उपयोगी पडेल म्हणालात. मीही शिकतच होते की.

आज मी तुमचाच धंदा शिकवते, तोही सोलापुरात. कोण आजारी पडलं, कुठे पडलं, कधी पडलं, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, कोण पडलं नाही. पहिल्या तासाला मी हे फळ्यावर लिहिते. शहराच्या पूर्व भागातली एक मुलगी परवा उठून म्हणाली, मॅडम, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, डेंग्यूचे डास होतात म्हणून पिंप रिकामं करा म्हटलं की बायका अंगावर येतात. बरोबरच आहे त्यांचं. मी म्हटलं, रिकामं करा म्हणू नकोस. झाकून फडकं बांधा म्हण, आणि पाणी यायच्या दिवशी तळातलं पाणी वापरून पिंप घासून घ्या म्हण. आणि ज्या घरात कुणाला ताप नाही तिथे आधी जा, त्यांनी पिंप कसं ठेवलंय ते बघून ये. मुली वहीत लिहून घेतात. मग मी त्यांना त्या लग्नाची गोष्ट सांगते. गोष्टीत वडील असतात, बुंदी असते, हापसा असतो, आणि धडधाकट घरात शिरून म्हातारीच्या शिव्या खाणारी मुलगी असते. ती मुलगी मी असते.

पहिल्या वर्षी चुकून निसटलं. ‘मी विचारलं’ असं तोंडून गेलं आणि समोरच्या मुली अशा काही बघायला लागल्या की मागे फिरवेना. मग दरवर्षी तेच. आता तर मला त्या म्हातारीचं लुगडंही आठवतं, हिरवं होतं म्हणून सांगते. मी तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

आज तिचं भाषण झालं, छान झालं, कुढत का होईना कबूल करते. शेवटी पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तुम्ही आणि आमच्या मॅडम एकाच गावच्या ना, मग मॅडमनी लग्नातली साथ शोधली तेव्हा तुम्ही होता का? तिने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग मुलींकडे वळून म्हणाली, ‘व्हय, मी तितंच होते. लई शिव्या खाल्ल्या हिनं त्या दिवशी.’ मुली हसल्या, टाळ्या वाजल्या.

नंतर तिला नवी पेठेत कापड घ्यायचं होतं, मी बरोबर गेले. जाईन नाही तर काय करीन? गाडी लांब उभी करून गर्दीतून चालत होतो. मी पॅडचं विचारलं. ‘ते व्हय? होस्टेलवर असतानाच मोडलं की,’ म्हणाली. इतकी वर्षं मी ज्यावर जळले ते कधीच कचऱ्यात गेलेलं. मग एका दुकानाच्या पायरीवर मी तिला थांबवलं आणि विचारलं, वर्गात खोटं का बोललीस. तिने पदराने कपाळ पुसलं. ‘असू दे गं. तुला ऱ्हाऊ दे ती एक. माज्यापाशी अप्पांच्या लई गोष्टी हायेत.’

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी परतवला असता. खरंच आहेत तिच्यापाशी. सायकलीमागून पळण्याची सगळी वर्षं तिच्याकडे आहेत. माझ्याकडे घरातले तुम्ही आहात, जेवून उठणारे, सायकल पुसणारे, आणि एक चोरलेली गोष्ट. ती मी परत करायला हवी होती तिथेच, पायरीवर. मी म्हटलं, चल, दुकान बंद होईल.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, ते मला माहीत आहे. पण ती इथून रिक्षाने दहा मिनिटांवर राहते, तिला हा कागद सहज देता येईल. देणार नाही. दिला तर ती वाचून उद्याच येईल, आणि खुर्ची ओढून तुमच्या उरलेल्या गोष्टी मला सांगायला बसेल. मला त्या हव्या आहेत अप्पा, एकूण एक हव्या आहेत. फक्त तिच्या तोंडून अजून ऐकवणार नाहीत.