टांगलेला आरा

माजरी,
४ फेब्रुवारी १९८६

ती. बाबांना,
सप्रेम जयभीम. वि. वि.

ट्रक घेऊन आलेले गुलाबकाका सांगत होते, की धानोऱ्याच्या आपल्या सुतारखान्यात तुम्ही लिलावातला आरा आणला आहे, आणि तो टेबलाखाली नसून वर दांड्याला टांगलेला आहे. असा आरा मी डिप्लोमाच्या पुस्तकातच पाहिला. पातं कोणतं लावलंत? मूठ सोडली की आरा मागे राहतो की पुढे येतो? नेमकं कळवा, कौतुक नको.

आईला नमस्कार. सगळ्यांची माया आहे तशीच असू द्या.

आपली,
सीता

धानोरा,
९ फेब्रुवारी १९८६

चि. सीतास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र शेजारच्या गफ्फारभाईले वाचून दाखवलं. तो म्हणे, पोरगी बापाची खुशाली विचारते का मशीनची? आरा काऊन घेतला ते तुले ठाऊक आहे. जुन्या आऱ्यावर फळी ढकलता ढकलता डाव्या हाताची दोन बोटं गेली. इथी फळी हालतच नाई, आराच ओढायचा. दहा फुटी सागाची फळी मी एकटा कापतो. पातं जुन्याच आऱ्याचं, धार करून लावलं. मूठ सैल केली तं आरा आपोआप माझ्याकडे येते, जोरच नाई लागत. गफ्फारभाई म्हणते, मशीन मालकाले ओळखते. तुझी आई म्हणते, पोरीपेक्षा बरी, बलावल्याबिगर येते.

तब्येत सांभाळ, आठवण ठेव.

तुझा बाबा,
खुशाल

माजरी,
१४ फेब्रुवारी १९८६

ती. बाबांना,
सप्रेम जयभीम.

हे पत्र टपालात न टाकता गुलाबकाकांच्या हाती देते आहे.

लांब फळी आडवी कापायला हे यंत्र उत्तम आहे. पण ते कोणाला ओळखत नाही. जुन्या पात्याचे दात पुढे झुकलेले, फळी उभी चिरण्यासाठी. इथे ते लाकूड पकडून चढतात आणि आरा तुमच्या अंगावर येतो. शिवाय पाणी बाहेर जावं म्हणून आपली फरशी दाराकडे उतरती आहे, आणि गुलाबकाका म्हणतात आऱ्याचं तोंडही दाराकडेच आहे, म्हणून तो आपोआप पुढे घसरतो. यंत्राला पुढून पाचर देऊन ते मागे झुकवायला हवं. योग्य पातं मी चंद्रपूरला शोधते आणि २३ तारखेला, रविवारी, येते. तोवर आरा चालवू नका. तुम्ही हो म्हणाल आणि दोन फळ्या कापाल, हे मला माहीत आहे.

बोटं गेली तेव्हा मी दहावीत होते. त्यावर आपण कधी बोललो नाही. उरलेली आठ मला हवी आहेत.

आपली,
सीता

धानोरा,
१५ फेब्रुवारी १९८६

चि. सीतास,
जयभीम व आशीर्वाद.

गुलाब पत्र घेऊन आला तेव्हा फळी अर्धी कापून झाली होती. बटण बंद केलं. गफ्फारभाईनं फरशीवर काचेची गोटी ठेवली, ती गडगडत थेट दाराशी गेली. 

दोन फळ्या कापीन म्हणतेस, खरं आहे. म्हणून आऱ्याच्या वायरचा प्लगच काढला अन् गुलाबच्या हाती पाठवून राह्यलो. तुझ्यापाशी ठेव, रविवारी घेऊन ये. अर्धी फळी टेबलावर तशीच आहे. उरलेली तू काप.

वाट पाहतो.

तुझा बाबा,
खुशाल