वरच्या मजल्यावरचं विरजण

आई, नमस्कार.

आधी हे वाच: पूर ओसरलाय, मी सुखरूप आहे आणि दोन्ही वेळा पोटभर जेवते. खोलीत पाणी फारसं आलं नव्हतं. गादीही वाळत आलीय.

पूल वाहून गेला, त्यामुळे आठ दिवस शहरातून काहीच आलं नाही. आसपासच्या गावांतलं दूध मात्र आमच्या डेअरीत येत होतं. विजेशिवाय ते टिकेना, आणि दही लावावं तर विरजणाची पाकिटं शहरातूनच येतात. पुरासाठी सगळी तयारी केली आणि नेमकं विरजण विसरलो. साहेब डोक्याला हात लावून बसले.

मग मला तुझा डबा आठवला. निघताना तू दिलेलं विरजण कपड्यांवर सांडलं, म्हणून मी केवढी चिडले होते. उरलेलं वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकूंना दिलं होतं. त्या अजून रोज त्याचंच दही लावतात. वाटी देताना म्हणाल्या, "परत आणून दे हं."

वाटीचं पातेलं झालं, पातेल्याचे कॅन झाले. सगळ्या वस्तीला दही पुरलं. आता दर गल्लीत एका घरी विरजण ठेवायचं ठरलंय.

बाबांचा खोकला कसा आहे? खरं कळव.

काल काकूंची वाटी परत केली आणि चमचाभर माझ्यासाठी मागून आणलं. आज लागलंय. तुझ्या हातच्या दह्यासारखंच आंबट.

तुझी,
धाकटी