कायमच्या घराचा रकाना

अहो,

माझा नमस्कार घ्या. तुमच्या पाकिटातून पत्राऐवजी वाणसामानाची यादी निघाली. म्हणजे मला लिहिलेलं पत्र वाण्याकडे पोचलं. त्याला तरी माझी आठवण येते का, विचारा!

मी बरी आहे. आपला थोरला आणि सूनबाई सकाळीच कामाला जातात. मग दिवसभर घरात मी आणि फ्रिजची घरघर. तीही थांबली की करमत नाही.

संध्याकाळी आपली नात वकिलीचे शब्द मोठ्याने घोकते, तेवढीच बडबड. आत्ता हे पत्रही तीच लिहून घेतेय. अलिबी, अॅफिडेव्हिट, डोमिसाइल; सगळे म्हणे जुन्या रोमन लोकांच्या लॅटिन भाषेतून इंग्रजीत आलेले.

"डोमिसाइल म्हणजे काय गं?" मी विचारलं.

"कायमचं घर, आजी. तिथून निघालं की माणूस प्रवासात, तिथे परतलं की प्रवास संपला, असं रोमन लोक मानायचे."

शहाणी माणसं होती म्हणायची.

काल थोरल्याने मला इथेच, या परक्या देशात, कायमचं ठेवून घ्यायचा सरकारी फॉर्म आणला. कायमच्या घराच्या रकान्यात इथला पत्ता! म्हणाला, "आई, अंगठा दे. मग बाबांनाही बोलावू."

मी म्हटलं, "अरे, मी अजून प्रवासात आहे."

त्याने फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. रागावला नाहीये. नात लिहिता लिहिता नाक ओढतेय. सर्दी झाली म्हणते.

तुमचे गुडघे कसे आहेत? खरं सांगा.

तुमचीच,
वाटेवरची मी

ता. क. शेंगदाणे भाजून पाठवा. महिनाभर पुरतील एवढेच.