रंजिताच्या गोळ्या आणि माझे बिबडे

१७ एप्रिल, गुरुवार

नातीने, रंजिताने, फोन घाट्यात पाडला! बिबड्याच्या पापडांसाठी तीन दिवस भिजवलेली ज्वारी, पहाटेपासून चुलीवर शिजतेय, मी घोटून घोटून घामाने भिजलेली — आणि ही पातेल्यावर वाकून म्हणते, "आजी, बुडबुडे बघ ना कसे येताहेत." वरच्या खिशातला फोन सरळ आत. पळीने काढला. आता तांदळाच्या डब्यात घालून ठेवलाय. मेलाच तो.

पण ती आली, याचंच मला केवढं आहे! दोन वर्षांनी आली. काल शेवभाजी आणि कळण्याची भाकरी केली, तीन खाल्ल्या. वाळलीय फार. हेमकांत म्हणतो, "माय, ती पहिलेपासून तशीच शे." बापाला काय दिसतं.

माझा बटणांचा फोन घेऊन तिने मुंबईला तिच्या भाग्येश सरांना कळवलं, निकाल आता याच नंबरवर सांगा. सर म्हणाले, तू विचारू नकोस, कळलं की मीच फोन करतो.

१८ एप्रिल, शुक्रवार

कसला निकाल, ते आज नीट विचारून घेतलं. चार वेळा तरी सांगितलं असेल तिने, पण मी चौथी शिकलेली, राहत नाही डोक्यात. लिहून ठेवते.

अणुभट्टीत युरेनियम जळतं, त्यातून वीज होते. पण जळता जळता त्यातच प्लुटोनियम नावाचं जहर तयार होतं. हजारो वर्षं जात नाही म्हणे. साठत चाललंय. हिचं म्हणणं, तेच जहर थोरियममध्ये कालवायचं, गोळ्या भाजायच्या, आणि पाण्यावर चालणाऱ्या आहेत त्याच भट्ट्यांत घालायच्या. नवी भट्टी बांधायला नको. जहर जळून कमी होतं, वर नवं फारसं होत नाही. चूल तीच, जळण वेगळं. एवढं साधं सांगायला हिने दीड तास घेतला, आणि माझं बिबड्यांत घालायचं वाटीभर तीळ-लसूण गोळ्या वळून दाखवण्यात घालवलं.

मी विचारलं, "मग त्या थोरियमातून दुसरं काही होत नाही का?" हातातली तिळाची गोळी खाली ठेवून म्हणाली, "होतं आजी. सरही हेच विचारतात." मला फार बरं वाटलं.

तिच्या गोळ्या परदेशातल्या एका भट्टीत दोन वर्षं ठेवल्या होत्या. आता बाहेर काढल्यात. शाबूत निघाल्या तर पुढची तपासणी करायला ही तिकडे जाणार, तीन वर्षं. तडकलेल्या निघाल्या तर सगळं वाया.

तीन वर्षं. मला सत्त्याहत्तरावं चालू आहे.

१९ एप्रिल, शनिवार

फोन नाही. दर घटकेला येऊन बघते. बटणं झिजवली.

२० एप्रिल, रविवार

आज बिबडे शेजारच्या मंगलाबाईकडे होते. आमची पद्धत आहे, आज तुझ्या गच्चीवर, उद्या माझ्या. रंजिताला घेऊन गेले तर मंगलाबाई सगळ्या बायांसमोर म्हणते कशी, "बाई, तुन्ही नात त्या अणुबाँबमा काम करस ना? तिना हात मन्हा बिबडास्ले नको."

मी तिथेच पाट आपटून उठणार होते. चाळीस वर्षं हिचे बिबडे थापले मी!

रंजिता हसायलाच लागली. "मंगलामाय, मी ते जहर एकदाबी हातमा लिधं नही. काचनी पेटी ऱ्हास, तिले हातमोजा लायेल ऱ्हातस. बाहेरथून हात घालीसन काम करतस."

मंगलाबाई विचार करून म्हणाली, "मंग नखं कापीसन ये."

कापून आली. पन्नास बिबडे थापले, एक गोल नाही. गोळ्या तरी कशा करत असेल?

२१ एप्रिल, सोमवार

आमच्याकडचे बिबडे. रंजिता आणि बाया गच्चीवर, मी खाली घाट्यापाशी. फोन वाजला. कोपराने उचलला. राँग नंबर.

कंबर दुखतेय.

२२ एप्रिल, मंगळवार

वैताग आहे नुसता. जेवायला बस म्हटलं तर उभी. झोप म्हटलं तर जिन्यात. "आजी, फोन आला नाही ना गं?" सकाळपासून नऊ वेळा. शेवटी ओरडले, "नही उना! उना तर सांगसू ना!" तोंड एवढंसं झालं तिचं. हेमकांत मला म्हणतो, "माय, तू कसाले चिडी ऱ्हायनी?" याला सगळं विचारायचं असतं.

२४ एप्रिल, गुरुवार

आज ती म्हणाली, "तडकल्याच असणार. म्हणून सर फोन करत नाहीत." शहाद्याच्या कॉलेजात जागा निघाली आहे, अर्ज करते म्हणाली. इथेच राहीन, तुझ्याजवळ.

हेमकांत खूश. पेढे आणले वेड्याने, नोकरी लागायच्या आधीच.

मलाही आनंद झाला. माझा पेढा डब्यात परत ठेवला.

अर्ज लिहायला आत जाताना तिने तिळाच्या त्या गोळ्या कोंबड्यांना टाकल्या. डबीत जपून ठेवल्या होत्या इतके दिवस.

२५ एप्रिल, शुक्रवार

सोमवारचा राँग नंबर नव्हता. भाग्येश सर होते. "आजी, सांगा तिला, एकही गोळी तडकली नाही. येत असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळव म्हणावं." मी "बरं" म्हटलं आणि घाटा घोटत बसले. वहीतसुद्धा खोटं लिहिलं.

आता साडेअकरा झालेत. ती गच्चीवर बिबडे उलटतेय. फोन घेऊन वर जाते.